‘चारात एक’ म्हणजे नेमकं किती? सिकलसेलच्या रिपोर्टमागचा हिशेब

पांढुर्णा/सौंसर : तुळशीचं लग्न आटोपलं की या भागात सोयरिकीची बोलणी सुरू होतात. पांढुर्ण्याची मुलगी वरुडला, नरखेडची मुलगी पांढुर्ण्यात, सावनेरचा मुलगा सौंसरला. लग्नाच्या बैठकीत राज्य कोणतं हे कोणी विचारत नाही. गोत्र, शेती, नोकरी, पत्रिका सगळं विचारलं जातं. अलीकडे काही घरांत आणखी एक कागद पुढे येऊ लागला आहे, तो म्हणजे सिकलसेलचा रिपोर्ट. त्यावर ‘एए’, ‘एएस’ किंवा ‘एसएस’ अशी दोन अक्षरं असतात आणि दोघेही ‘एएस’ निघाले तर समुपदेशक सांगतात, ‘होणाऱ्या प्रत्येक बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक.’

हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण घरी पोहोचेपर्यंत त्याचे तीन-चार अर्थ झालेले असतात. कोणी म्हणतो, ‘चार पोरं झाली तर एकच बिमार होईन.’ कोणी म्हणतो, ‘एक झालं ना बिमार, आता पुढचे तीन चांगलेच होतीन.’ कोणी पंचवीस टक्के अधिक पंचवीस टक्के अशी सरळ बेरीज करतो. तिन्ही हिशेब चुकीचे आहेत आणि त्यांच्या भरवशावर घेतलेला निर्णय पुढे आयुष्यभर निभवावा लागतो. शाळेत महाराष्ट्रातली मुलं ज्याला ‘संभाव्यता’ म्हणतात आणि मध्य प्रदेशातली ‘प्रायिकता’, तोच हा धडा. परीक्षेत तो नाणी आणि पत्त्यांवर येतो, इथे रक्तावर.

आधी आजाराविषयी थोडक्यात. रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हात-पाय, पाठ, छाती असह्य दुखते, रक्त कमी होतं, डोळे पिवळे पडतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, विळ्याची पेशी दहा-वीस दिवसच. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या पेशींचं वर्णन प्रथम छापलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा दोष आढळल्याची नोंद झाली आणि पुढच्या काही वर्षांत मध्य भारतातूनही तसेच अहवाल येऊ लागले. हा फक्त आदिवासींचा आजार, ही समजूत अपुरी आहे. गोंड समाजात तो आहेच, पण विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात अनुसूचित जाती आणि इतर मागास समाजांतही तो सापडतो.

ज्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकला, यामागेही कारण आहे. एकच सदोष प्रत असलेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी हा दोष असणं हे कोणाच्या पापाचं फळ नाही.

दोन नाणी

प्रत्येक माणसाकडे हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. चांगली प्रत ‘ए’, सदोष प्रत ‘एस’. दोन्ही चांगल्या म्हणजे एए, नॉर्मल. एक चांगली, एक सदोष म्हणजे एएस, वाहक. वाहक शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, सहसा त्याला काहीच होत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळतही नाही. दोन्ही सदोष म्हणजे एसएस, रुग्ण.

आई वाहक असेल तर बाळाला तिच्या दोन प्रतींपैकी एक मिळते. कोणती, हे नाणं उडवल्यासारखं आहे : एस मिळण्याची शक्यता १/२. बाप वाहक असेल तर त्याचंही नाणं वेगळं उडतं, १/२. आईचं नाणं काय पडलं याचा बापाच्या नाण्यावर काही परिणाम नाही. गणितात अशा दोन घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात आणि ‘हेही घडलं आणि तेही घडलं’ याची शक्यता काढताना गुणाकार करतात. १/२ गुणिले १/२ म्हणजे १/४. हाच तो चारात एक.

उरलेले तीन चतुर्थांश असे : दोन्हीकडून चांगली प्रत आली तर नॉर्मल, १/४. आईकडून एस आणि बापाकडून ए, १/४. आईकडून ए आणि बापाकडून एस, १/४. शेवटच्या दोन्हींत मूल वाहकच. इथे ‘असं किंवा तसं’ आहे आणि दोन्ही एकाच वेळी घडू शकत नाहीत, म्हणून बेरीज : वाहक असण्याची शक्यता १/२. कुठे गुणायचं आणि कुठे मिळवायचं, सगळा घोळ बहुतेक इथेच होतो.

नाण्याला आठवण नसते

‘पहिलं बिमार झालं, आता पुढचे तीन चांगले’ हा हिशेब रेशनच्या कोट्यासारखा आहे. चार पोत्यांतलं एक खराब निघालं, म्हणजे उरलेली तीन चांगली. पोत्यांचं ते खरं, कारण चार पोती आधीच भरून ठेवलेली होती. बाळांचं तसं नाही. प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी दोन्ही नाणी नव्याने उडतात. आधीच्या बाळाचं काय झालं हे त्यांना माहीत नसतं. सट्ट्याच्या नादाला लागलेला माणूस ‘हा आकडा पंधरा दिवस लागला नाही, आता लागणारच’ म्हणतो तेव्हा त्याचे पैसे जातात. इथे त्याच चुकीपायी एक आजारी मूल घरात असताना दुसऱ्यासाठी तपासणी न करता पुढे गेलं जातं.

उलट बाजूनेही हे तितकंच खरं. पहिली दोन मुलं आजारी निघाली म्हणून तिसरंही आजारीच, असं काही नाही. तिसऱ्यासाठीही शक्यता चारात एकच, म्हणजे ते आजारी नसण्याची चारात तीन.

मग चार मुलांच्या घरात एक आजारी, हे तरी बरोबर ना? तेही अर्धंच. नवरा-बायको दोघेही वाहक आणि प्रत्येकी चार मुलं अशी २५६ घरं डोळ्यांसमोर आणा. हिशेबाप्रमाणे त्यांतल्या साधारण ८१ घरांत एकही मूल आजारी नसेल. १०८ घरांत नेमकं एक, ५४ घरांत दोन, १२ घरांत तीन आणि एका घरात चारही मुलं आजारी. म्हणजे ‘चारात एक’ ज्यांच्या घरात शब्दशः खरं ठरतं अशी घरं निम्मीही नाहीत. पण या सगळ्या २५६ घरांतली १०२४ मुलं एकत्र मोजली तर आजारी मुलं २५६, बरोबर चारात एक. आकडा खरा आहे, फक्त तो कोणा एका घराला दिलेलं वचन नाही.

त्या ८१ घरांमुळे गैरसमज आणखी पक्का होतो. ‘आमच्या खानदानात कोणाले नाही’ म्हणणारं घर याच ८१ पैकी असू शकतं. आई वाहक, बाप वाहक, चारही मुलं धडधाकट, आणि दोष मात्र शांतपणे पुढच्या पिढीत गेलेला. आजार दिसत नाही म्हणजे घरात दोष नाही, असं होत नाही.

आजकाल चार मुलं कोण होऊ देतं, दोनच. तर दोन मुलांचा हिशेब पाहू. ‘पंचवीस आणि पंचवीस, पन्नास टक्के’ असं म्हणणं चूक. तसंच मोजत गेलं तर चार मुलांत शंभर टक्के आणि पाच मुलांत सव्वाशे टक्के होईल, जे अशक्य आहे. बेरीज चुकते कारण दोन्ही मुलं आजारी असण्याची एक शक्यता तीत दोनदा मोजली जाते. ‘निदान एक तरी आजारी’ हे काढायला सोपी वाट उलटीकडून जाते : एकही आजारी नसण्याची शक्यता आधी काढा. पहिलं निरोगी ३/४, दुसरंही निरोगी ३/४, गुणाकार ९/१६. एकातून ते वजा केलं की ७/१६, म्हणजे जवळपास ४४ टक्के. तीन मुलांसाठी हाच आकडा ३७/६४, सुमारे ५८ टक्के. दोन मुलांच्या घरात दोन्ही आजारी असण्याची शक्यता मात्र १/१६, सहा टक्क्यांच्या आसपास.

आणखी एक जोड-घटना लोक हमखास विचारतात : मुलगा असेल आणि आजारी असेल याची शक्यता किती? मुलगा असण्याची ढोबळमानाने १/२, आजाराची १/४, दोन्ही मिळून १/८. मुलीसाठीही तेवढीच. हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर नाही. त्यामुळे हा आजार मुलगा-मुलगी पाहत नाही.

आणि तो सुनेकडूनही ‘येत’ नाही. मूल आजारी निघालं की बोट आधी तिच्या माहेराकडे वळतं. पण १/२ गुणिले १/२ या गुणाकारातला एक अर्धा बापाचा आहे. बापाकडून एस आल्याशिवाय मूल एसएस होऊच शकत नाही. एकीकडून शून्य असेल तर गुणाकार शून्य. मूल आजारी आहे हाच दोन्ही घरांत दोष असल्याचा पुरावा आहे.

आजारी भावाचा निरोगी भाऊ

आता सगळ्यात जास्त चुकणारं गणित. एका मुलाची बहीण सिकलसेलची रुग्ण आहे. मुलगा पंचवीस वर्षांचा, ठणठणीत, तपासणी कधी झाली नाही. त्याचे आई-बाप दोघेही वाहकच आहेत. तो वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण म्हणतात, निम्मी. जन्माआधी विचारलं असतं तर ते बरोबर होतं. पण आता एक गोष्ट जास्त माहीत आहे : तो रुग्ण नाही. चार सारख्या खान्यांपैकी आजाराचा खाना खोडला गेला. उरले तीन, त्यांतले दोन वाहकाचे. म्हणजे शक्यता २/३. माहिती वाढली की आकडा बदलतो, माणूस तोच असला तरी.

या मुलाचं लग्न अशा मुलीशी ठरत आहे जिची तपासणी झालेली नाही. तिच्या समाजात दहात एक वाहक आहे असं उदाहरणापुरतं धरू. तर पहिलं मूल आजारी असण्याची शक्यता २/३ गुणिले १/१० गुणिले १/४, म्हणजे साठात एक. तिच्याही घरी एखादा भाऊ किंवा बहीण रुग्ण असेल आणि ती स्वतः निरोगी असेल, तर दहात एकच्या जागी २/३ येतं आणि उत्तर होतं नवात एक. साठात एक आणि नवात एक यांतला फरक फक्त एका प्रश्नाने कळतो, जो बैठकीत विचारायला लोक लाजतात.

तपासणी केली तर हे साठ आणि नऊ दोन्ही गळून पडतात. दोघांपैकी एक जण नॉर्मल निघाला तर आजारी मुलाची शक्यता शून्यावर येते, दोघे वाहक निघाले तर ती चारात एक. नवात एक हा आकडा प्रत्यक्षात कोणत्याच जोडप्याचा नसतो, तो न तपासलेल्या जोडप्यांचा सरासरी आकडा आहे.

जिथे सरळ गुणाकार चालत नाही

वर सगळीकडे ‘स्वतंत्र घटना’ असं धरलं. लग्नाच्या बाबतीत ते नेहमी खरं नसतं. संत्र्याच्या बागेतलं उदाहरण घ्या. पांढुर्णा-सौंसर भागात शंभरातल्या दहा झाडांवर कोळशी आहे असं धरलं, तर एकमेकांपासून लांबच्या बागांतली दोन झाडं निवडताना दोन्हींवर कोळशी असण्याची शक्यता १/१० गुणिले १/१० होईल. पण एकाच बागेतली शेजारशेजारची दोन झाडं घेतली तर? एकावर कोळशी दिसली की दुसऱ्यावर ती असण्याची शक्यता कितीतरी वाढते. पहिल्या घटनेने दुसरीची शक्यता बदलली, म्हणजे दुसरी आता पहिलीपासून स्वतंत्र राहिली नाही.

नात्यातलं लग्न असंच आहे. मामाच्या मुलीशी लग्न या भागात नवं नाही. एक तरुण वाहक आहे आणि त्याला ते आईकडून आलं आहे. आईला ते तिच्या आई-बापांपैकी एकाकडून आलं, म्हणून तिच्या भावाला, म्हणजे मामाला, येण्याची शक्यता १/२. मामाकडून त्याच्या मुलीला १/२. मामी नॉर्मल धरली तरी मुलगी वाहक असण्याची शक्यता चारात एक होते. नात्याबाहेरच्या, दहात एक वाहक असलेल्या समाजातल्या मुलीसाठी ती १/१० होती. पहिल्या बाळाचा धोका मामाच्या मुलीशी लग्न केल्यास सोळात एक, बाहेरच्या मुलीशी केल्यास चाळीसात एक.

जातीतल्या जातीत लग्न होत असल्यानेही सरासरी फसवते. एका गावात दोन समाज आहेत, दोन्ही सारखेच मोठे. एकात पाचात एक वाहक, दुसऱ्यात एकही नाही. गावाची सरासरी दहात एक. सरासरीवरून काढलं तर नवरा-बायको दोघेही वाहक असण्याची शक्यता शंभरात एक. पण लग्नं आपापल्या समाजातच होतात. पहिल्या समाजात ती १/५ गुणिले १/५, म्हणजे पंचविसात एक, दुसऱ्यात शून्य. गावातली सगळी लग्नं मिळून पन्नासात एक. कागदावरच्या सरासरीपेक्षा दुप्पट, आणि सगळा भार एकाच वस्तीवर. सरकारी तक्त्यात फक्त जिल्ह्याची टक्केवारी पाहून समाधान मानू नये ते यासाठीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौंसर असे दोनच तालुके आले. जिल्हा लहान आहे, म्हणून आकडे तालुक्याने नव्हे तर गावाने आणि समाजाने ठेवणं इथे अवघड नसावं.

वाहकाला नकार कशाला?

रिपोर्टवर ‘एएस’ दिसलं की काही घरं सोयरीकच मोडतात. हिशेब काय सांगतो? वाहक आणि नॉर्मल यांच्या लग्नात मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी, सिकलसेलचा रुग्ण असण्याची शून्य. रुग्ण आणि नॉर्मल असतील तर सगळी मुलं वाहक, रुग्ण एकही नाही. जपायची जोडी वाहक-वाहक. वाहक आणि रुग्ण या जोडीत तर निम्मी शक्यता रुग्णाची. मुलगी वाहक आहे म्हणून नॉर्मल मुलाच्या घरच्यांनी तिला नाकारणं याला या गणितात काहीच आधार नाही.

फक्त इथे एक अट आहे. ‘नॉर्मल’ म्हणजे कोणत्या तपासणीत नॉर्मल? शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक आणि रुग्ण यांत ती फरक करत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. शिवाय बीटा थॅलेसेमियाचा वाहक या चाचणीत निर्दोष दिसतो. सिकलसेलचा वाहक आणि बीटा थॅलेसेमियाचा वाहक यांचं लग्न झालं तर तिथेही १/२ गुणिले १/२, चारात एक मूल दोन्ही दोष घेऊन येतं आणि तोही सिकलसेलचाच एक प्रकार आहे, कधी कधी तितकाच त्रासदायक. म्हणून एक जण वाहक निघाला की दुसऱ्याची एचपीएलसी करून घेतलेली बरी.

मध्य प्रदेशात राज्याची मोहीम नोव्हेंबर २०२१ मध्ये झाबुआ आणि अलिराजपूरपासून सुरू झाली. १ जुलै २०२३ रोजी शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. १७ राज्यांत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं लक्ष्य. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही त्यात आहेत आणि मोहिमेतली तपासणी मोफत आहे. जे आज रुग्ण आहेत त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध, लसी आणि भरपूर पाणी यांनी त्रास बराच कमी होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे, त्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं.

लग्न आधीच झालं असेल आणि दोघेही वाहक निघाले तर? तेव्हाही दार बंद नाही. गर्भ साधारण दहा-बारा आठवड्यांचा असताना मोठ्या केंद्रात त्याची तपासणी करता येते आणि चारात एकचा प्रश्न ‘आहे’ किंवा ‘नाही’वर येतो. उशीर झाला तर पर्याय कमी होतात, म्हणून दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगावं. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, सौंसरची सून सावनेरला, वरुडची पांढुर्ण्याला. नोंदणी एका राज्यात, बाळंतपण दुसऱ्या राज्यात. तिने जाताना दोघांचेही रिपोर्ट सोबत न्यावेत, नवऱ्याचाही, कारण तिथल्या डॉक्टरांकडे गुणाकारातला फक्त अर्धाच आकडा असेल. नवजात बाळाची सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते, त्याची तपासणी एचपीएलसीनेच करायला सांगावं.